थोरलीसाठी नाळेचं रक्त

माझ्या थोरल्या लेकीच्या अंगात रक्त टिकायचं नाही. थॅलेसेमिया. बीडला नेऊन परक्याचं रक्त चढवायचं, चार दिवस पोरगी खेळायची, की पुन्हा ओठ पांढरे. मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटातल्या बाळाची तपासणी करवली. म्हणाल्या, "बाळ निरोगी आहे, बहिणीशी जुळतंयही. जन्मल्यावर नाळेतलं रक्त साठवू. त्यात नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांना आधार देणाऱ्याही थोड्या असतात. बी आणि माती म्हणा ना."

घरी आल्या आल्या मी सांगून टाकलं, यंदा ऊसतोडीला येणार नाही. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत, त्या झोपडीत बाळंत होऊन हे रक्त मातीत जाऊ देऊ? नवरा कुरकुरला. म्हटलं, "तुमी जावा खुशाल. मी आपलं गाव, तलवाडा सोडून हलत न्हाई."

बाळंतपणात आई जवळ हवी, हा हट्टही माझाच. उसाच्या फडावर तिनं कितीतरी बाया सोडवल्या होत्या. नाळ कापायच्या आधी ती बोटांनी पिळत पिळत सगळं रक्त बाळाकडं सारायची. लेकरू कसं लालबुंद होतं, म्हणायची. दवाखान्यात ती असलं काही करणार नाही, असं मी धरून चालले होते.

मुलगा झाला. डॉक्टरीणबाई नाळेला लावायचा चिमटा उचलायला वळल्या, तेवढ्यात आईची बोटं सवयीनं नाळेवर गेली.

"माय, सोड ती! थोरलीचं हाय ते!" मी अशी ओरडले की अख्खा दवाखाना गोळा व्हावा.

ती दचकून मागं सरली. नाळ बांधली, कापली, आणि काळपट रक्त पिशवीत उतरू लागलं. आईला रडू फुटलं. "ह्याच्या वाट्याचं का म्हून काढून घेतीस गं? ह्यो तुझं लेकरू न्हाई का?"

लई लागलं मला ते. पण पिशवीवरची नजर मी हलवली नाही.

पुढं मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आधी कडक औषधं देऊन मग तेच रक्त थोरलीला चढवलं. तिचे केस गेले, ताप चढला. मी देवालाही दम भरला. हळूहळू तिच्या हाडांत नवं रक्त बनू लागलं. परक्याची पिशवी बंद झाली. तिचा रक्तगटसुद्धा बदलून भावाचा झाला.

हे मी आईला सांगितलं. मग धाकट्याला मांडीवर ओढून तिनं त्याला थोरलीचे लाल ओठ दाखवले.

"बघ रं राजा, तुझं कुटं गेलं न्हाई. ताईकडं ठिवलंय."