मॅग्नेटोला हळदकुंकू

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये छोट्या विमानांच्या इंजिनाचे मॅग्नेटो बनतात. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारा डबा. ठिणगी नीट पडली तर विमान आकाशात, नाही तर कुणाच्या तरी शेतात. मी तिथला तपासनीस. पाहुण्यांपुढे मात्र ‘माझ्या सहीशिवाय देशातलं एक विमान हलत नाही’ इथपर्यंत माझी मजल जाते. मी स्वतः विमानात कधीच बसलेलो नाही, हे बायको चहाबरोबर न चुकता वाढते.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर आलो आणि टेस्टिंगच्या टेबलावर आक्रीत घडलं. मॅग्नेटोच्या झाकणात ठिणगीने ठरलेल्या टोकावर उडी मारायची असते. ही बया झाकणाच्या आतून नागिणीसारखी वळवळत भलतीकडेच पळाली. दुसऱ्या झाकणात तेच, तिसऱ्यात तेच. मी मालकांसमोर छाती काढून निकाल दिला, “ओतकामातच दोष. पोटात तडा आहे.” तडा मी पाहिला नव्हता. पण माझ्या पातळीच्या माणसाला तो दिसावा लागत नाही, जाणवतो.

झाकणं ओतून देणारे शेठ ठाण्याजवळच्या बाळकुमचे. घरच्या जमिनीवर टॉवर उभे राहून पैसा आल्यावर हौसेने मोल्डिंगचं मशीन घेतलेलं. माल नापास झाला तर एकेक झाकण हातोड्याने फोडायचं, चुकून कुणी इंजिनात बसवायला नको. आणि शेठचं काम बंद. ते बुलेटवरून तडक आले.

“तडा दाखवा.”

“शेठ, साध्या डोळ्यांना नाही दिसत तो.”

“मंग तुमच्या डोल्यांना कसा दिसला?”

“अनुभव असतो.”

“अनुभव राहू दे. तडा दाखवा.”

मी भिंग काढलं. सराफासारख्या ऐटीत पांढऱ्या रुमालाने झाकण आतून पुसलं. रुमाल लाल झाला. दुसरं पुसलं, त्यावर पिवळा.

खंडेनवमीला लेथ आणि ड्रिल पुजून माझं भागलं नव्हतं. विमानाचं काम, देवाचं लक्ष हवं, म्हणून ट्रेमधल्या झाडून सगळ्या झाकणांना मी ओलं हळदकुंकू लावलेलं. तेही आतून, कारण देव आत असतो. त्या बोटांच्या ठशांवरून ठिणगीला आयती पायवाट मिळाली होती.

शेठनी रुमाल निरखला. “ओटी पण भरलीत का, साहेब?”

सगळी शेड हसली. मालक हसले नाहीत. “शेठचं काम चालू राहील,” म्हणाले आणि हातोडा माझ्या हातात दिला. शंका आलेलं झाकण पुसूनही विमानात जात नाही. तो नियम ठळक अक्षरांत भिंतीवर मीच चिकटवलेला.

मी फोडायला बसलो. प्रत्येक घावाआधी मनातल्या मनात नमस्कार करत होतो. शेठ स्टूल ओढून समोर बसले, चहा मागवला.

“तेवढी परत लागतील ना तुम्हाला?” ते मालकांना म्हणाले. “ऑर्डरीत चार-दोन जास्त लिहा. साहेबांना पुढच्या दसऱ्याला होतील.”