वास गेला की वर यायचं

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. झोपलेल्या बायकोच्या नाकाशी हात धरून श्वास बघायचा आणि दार हळूच ओढून घ्यायचं. तिला फिट यायच्या. गोळी महाग, म्हणून ती अर्धीच घ्यायची.

औषधांच्या कारखान्यात तो टाक्या धुवायचा. दोन पुरुष खोल पोलादी टाकी, वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड. उतरायला शिडी, कमरेला दोरी, दोरीचं टोक वर साडूच्या हातात. नुसत्या पाण्याने भागत नाही. तळाला डांबरासारखी खपली धरते, ती गुडघ्यांवर बसून पितळेच्या उलथन्याने खरवडावी लागते. खांदे भरून येतात. पण मागची खपली राहिली तर पुढचं औषध नासतं. त्याने कधी अंग चोरलं नाही. आत उतरण्याचा भत्ता वेगळा मिळायचा, आणि त्याला बायकोची गोळी पूर्ण करायची होती.

टाकीत पिकल्या केळ्यांचा वास यायचा. केमिस्टबाईंनी बजावलं होतं, "मामा, हा सगळा कार्बनचा गोतावळा. नखांचा रंग पुसायचं पाणी, लाकडाचं पॉलिश, खोकल्याचं औषध, मामींच्या गोळ्या, सगळी एकाच घरची. कुणाशी किती सलगी करायची ते कळलं पाहिजे. वास गेला म्हणजे टाकी साफ झाली असं समजू नका. नाक मेलं समजा आणि वर या."

त्या दिवशी उजाडायच्या आतच टाकी फिटच्या गोळ्यांच्या औषधासाठी धुवायची होती. वास गेला. त्याला वाटलं, झाली साफ, एवढी एक खपली राहिलीय. तो खरवडत बसला. हात हलके झाले, गुडघे दुखायचे थांबले, बरं वाटू लागलं.

"अहो, वर या."

बायकोचा आवाज. खालून, खपलीच्या आतून.

उलथनं टाकून तो शिडीला झोंबला.

वर साडू घामाघूम. "आत सासुरवाडी लागली का? केव्हाचा दोरी हिसडतोय!"

"तुझ्या मेहुणीने हाक मारली."

साडू हसला. मग त्याचा चेहरा बघून हसायचा थांबला.

घरी बायको चटईवर पडून होती. पहाटे फिट येऊन गेली होती. आवाज फुटत नव्हता.

"घसा कशाने बसला?"

"तुम्ही कुठेतरी खोल होतात. केळ्यांचा वास येत होता. हाका मारून मारून बसला."

दुसऱ्या दिवशी टाकीत पंख्याने हवा सोडून तो पुन्हा उतरला आणि खपली काढली.

पुढे भत्ता साठला, गोळी पूर्ण झाली, फिट थांबल्या. आता ती उजाडेपर्यंत गाढ झोपते, स्वप्नसुद्धा पडत नाही म्हणते. तो मात्र वास गेला की हातातलं टाकून वर येतो. आता खालून हाक येणार नाही. ती हाक बंद करायलाच त्याचा भत्ता गेला.