पाटीवरचा द्वंद्वसमास

माझे घर आणि माझ्या चुलतभावाचे घर यांच्या मध्ये, गल्लीकडे तोंड असलेली एक खोली आहे. ती दोघांची सामाईक. तिच्या कडीत साखळी घालून दोन कुलपे लावलेली असत. एक थोरल्या पातीचे, म्हणजे आमचे. दुसरे धाकट्या पातीचे, म्हणजे त्याचे. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याखेरीज ते दार उघडत नसे, आणि बारा वर्षे त्या एकत्र आल्या नाहीत. माझी किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली असे. त्याची त्याच्या जानव्याला असणार हे मला न विचारता ठाऊक होते, कारण पाठशाळेत असताना पेटीची किल्ली जानव्याला बांधण्याची सवय आम्हा दोघांना एकाच गुरुजींनी लावली होती.

कुलपांचे कारण सांगताना आज मला लाज वाटते, तरीही सांगितले पाहिजे. गल्लीच्या टोकाला देवीचे लहानसे देऊळ आहे. तिथली पूजा आमच्या घराण्याकडे, आणि पाळी महिन्याची. चैत्र आमचा, वैशाख त्याचा, ज्येष्ठ पुन्हा आमचा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. एका वर्षी अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिना आपल्या निज महिन्याला जोडलेला असतो, तेव्हा दोन्ही ज्येष्ठ आमचेच, असे मी म्हणालो. त्याचे म्हणणे असे पडले की तेरावा महिना कोणाचाच नाही, म्हणून पंधरवडा पंधरवडा वाटून घ्यावा. मी ऐकले नाही. तेव्हा देवळाच्या पायरीवर, चार माणसांदेखत, तो म्हणाला, “दादा आधीच ज्येष्ठ. आता त्याला अधिक ज्येष्ठ व्हायचंय.” लोक हसले. शब्द बिनचूक बसला होता, म्हणूनच तो मला अधिक झोंबला. त्याच संध्याकाळी मी सामाईक खोलीला कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे कुलूप माझ्या कुलपाशेजारी दिसले. पुढे नव्वदची सगळी दहा वर्षे त्या दोन कुलपांखाली गेली. मध्ये आणखी एक अधिक ज्येष्ठ येऊन गेला. तेव्हाही दोन्ही महिने मीच पूजा केली. तो देवळाकडे फिरकला नाही.

आमची मुले मात्र आमच्या नकळत एकत्र वाढली. माझा मुलगा वाणिज्याची पदवी घेऊन घरी बसला होता. पुतण्या आयटीआय करून टीव्ही दुरुस्त करीत होता. पुतण्या माझ्या मुलापेक्षा तीन महिन्यांनी मोठा. हे तीन महिने वाचकाने लक्षात ठेवावेत. नवे शतक लागले त्या सुमारास दोघांनी ठरवले की भागीत व्हिडिओ गेमचे दुकान काढायचे. उचगावला असे एक दुकान बंद होत होते आणि तिथले एक यंत्र मिळण्याजोगे होते. त्यासाठी दोघांनी आपापली शिल्लक एकत्र केली. जागा एकच होती, ती मधली खोली.

मुलगा माझ्याकडे परवानगी मागायला आला तेव्हा मी पोथी मिटली नाही. मुलांनी एकमेकांना ठोसे मारण्याच्या खेळात मला काही पवित्र दिसत नव्हते, आणि ते मी त्याला सांगितले. तो समोर मांडी घालून बसला. मग म्हणाला, “अण्णा, हा गेम निराळा आहे. दोन कंपन्या होत्या. दोघींचे आपापले लढवय्ये. वर्षानुवर्षं एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायच्या. शेवटी दोघी एकत्र बसल्या आणि दोन्हीकडचे लढवय्ये एकाच यंत्रात घातले. खेळणाऱ्यानं तीन निवडायचे. तिन्ही एकीकडचे घ्या, नाहीतर दोन इकडचे नि एक तिकडचा.”

मी विचारले, खेळाचे नाव काय? त्याने सांगितले की दोन कंपन्यांची नावे आणि त्यांच्या मध्ये ‘विरुद्ध’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. मला शिकवण्याची खोड. मी म्हणालो, याला द्वंद्व म्हणतात. लोक द्वंद्व म्हणजे झुंज समजतात, पण व्याकरणात द्वंद्व हा जोडणारा समास आहे. दोन शब्द शेजारी येतात, दोघांनाही सारखा मान, कोणी कोणाच्या हाताखाली नाही. मुलगा म्हणाला, “मग तेच आहे की, अण्णा.” आणि मी हो म्हणून गेलो.

विजयादशमीचा मुहूर्त मीच काढून दिला. त्या सकाळी मी दारापाशी गेलो तेव्हा भाऊ आधीच उभा होता. किल्ल्या जानव्याला, साखळी कमरेएवढ्या उंचीवर. त्यामुळे दोघांनाही वाकून छाती दाराशी न्यावी लागली. दोन म्हातारे एकाच वेळी वाकले आणि डोक्याला डोके लागले. बारा वर्षांनी आमचा एकमेकांना झालेला पहिला स्पर्श तो. त्याचे कुलूप गंजले होते. “तेल घालत नाहीस,” मी म्हणालो. “तू घालत होतास का?” तो म्हणाला. मी घालीत होतो. दर महिन्याला. तेवढेच आमचे बोलणे झाले, पण पोरे आमच्या मागे उभी राहून हसत होती.

दुकान चालले. उचगावच्या कारखान्यांतले कामगार, पेठेतले फुटबॉल खेळणारे, महाविद्यालयातले तरुण येत. यंत्राला दोन हँडल, समोर काच, काचेत रंगांचा दंगा. देवळातून परतताना मी दारात थोडा थांबू लागलो, आणि पुढे मुलाने माझ्यासाठी एक स्टूल ठेवले. तिथे जे कानावर पडे त्याची मला गोडी लागली हे मी नाकारीत नाही. ज्याला जी कंपनी आवडे तिचा तो अभिमानी. एक जण ओरडे, “तुझ्या कंपनीचा आडवा झाला की रं.” दुसरा म्हणे, “थांब की जरा, अजून दोघं हाईत माजं. त्यातला एक तर तुज्याच कंपनीचा हाय.” एकदा एक कामगार हँडल न सोडता मला म्हणाला, “गुरुजी, ह्यात तुमची दोन्ही घरं बी घालून बघा की.” सगळे हसले. भाऊ पलीकडच्या उंबऱ्यावर उभा होता. तोही हसला, आणि त्या वेळी मला ते झोंबले नाही.

एके दुपारी गिऱ्हाईक नव्हते तेव्हा मी मुलाला विचारले, या दोन कंपन्यांत कोणाचे नाव आधी घ्यायचे हे कोणी ठरवले? असल्या गोष्टीवरून माणसे जन्मभर अडून बसतात. मुलगा म्हणाला, “त्यांनी तोडगा काढला, अण्णा. एक गेम हिनं काढायचा, त्यात हिचं नाव आधी. दुसरा तिनं काढायचा, त्यात तिचं आधी.”

“म्हणजे पाळी लावून घेतली,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाला, “हो. पाळी.”

दिवाळीनंतर पाटीचा प्रश्न निघाला. दुकानाला दोघांची नावे जोडून द्यायची होती. माझ्या मुलाचे नाव चार अक्षरी, पुतण्याचे दोन अक्षरी. आधी कोणाचे घ्यावे यावर पोरांत वाद नव्हता. त्यांना आमची भीती होती. म्हणून पुतण्याने आपल्या वडिलांना विचारले, आणि भावाने जे उत्तर दिले ते पुतण्याने येऊन मला जसेच्या तसे सांगितले. “बाबा म्हणाले, दादाला विचारा. दादा सांगेल ते मान्य. दादा देवळात हट्ट करेल, व्याकरणात खोटं बोलायचा नाही.”

हे वाक्य ऐकून मला जो आनंद झाला तो निर्मळ नव्हता. न्यायासनावर बसवल्यासारखे वाटले.

द्वंद्वसमासात कोणते पद आधी यावे याचे नियम ठरलेले आहेत. ज्या शब्दात स्वर कमी तो आधी, हा एक नियम. त्याने पुतण्याचे नाव आधी येत होते. भावाभावांची नावे जोडायची तर वयाने मोठा आधी, हा दुसरा. त्या तीन महिन्यांमुळे याही नियमाने पुतण्याच आधी. तिसरा नियम असा की जो अधिक पूज्य तो आधी. हा नियम देवांसाठी, मातापित्यांसाठी. दोन पोरांच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण ओढूनताणून थोरल्या पातीकडे आणता येईल असा तोच एक होता. मी दोन्ही पोरांना समोर बसवले आणि धीरगंभीर आवाजात तो तिसरा नियम सांगितला. पहिले दोन सांगितले नाहीत. पोरांनी मान डोलावली. माझ्या मुलाला संस्कृत येत नव्हते. ते मी त्याला शिकवले नव्हते.

पाटी रंगवायला पेंटर आला. त्याने खडूने आखणी केली, दोन पावले मागे सरकून डोळे बारीक केले आणि मला म्हणाला, “गुरुजी, ल्हान नाव आधी घेतलं तर पाटी झ्याक बसंल. मोठं आधी घेतल्यावर फुडं कोंबाकोंब हुतीया.” अक्षरापुरते शिकलेला तो माणूस केवळ नजरेने पहिल्या नियमापाशी पोहोचला होता. मी त्याला म्हणालो, सांगितले तसे लिही.

पाटी लागली त्या दिवशी भाऊ देवळातून येत होता. महिना कार्तिक, म्हणजे पाळी त्याची; हातात तीर्थाचा तांब्या. तो पाटीखाली थांबला. वर पाहून त्याने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला, पाठशाळेत स्वर मोजताना फिरवीत असू तसा. मी स्टुलावर बसलो होतो. उठलो नाही.

“दादा, तीन नियम आहेत. पोरांना तू एकच सांगितलास.”

“पूज्य आधी यावा,” मी म्हणालो.

“बरं. मग ह्या दोघांत पूज्य कोण, ते सांग.”

मी आत यंत्राकडे मान वळवली. आत यंत्राचा आवाज चालू होता. त्याने तांब्या दुसऱ्या हातात घेतला आणि तो अगदी हळू बोलला. “महिना घेतलास, बारा वर्षं मी गप्प बसलो. व्याकरण तरी सोडायचंस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळीत त्याचे कुलूप होते. यंत्र आत. मी काय केले? घरातून माझे कुलूप आणले, तेल घातलेले, आणि त्याच्या कुलपाशेजारी लावले. एकट्याचे कुलूप दारावर राहू देणे मला जमले नाही. दुसरे काही कारण नव्हते.

भावाचा निरोप सरळ होता. पाटी बदला, किल्ली देतो. पुतण्याने तो आणला आणि मुलाने मला विनवले. “अण्णा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पेंटर उद्या येतो म्हणालाय. त्याचं नाव आधी आलं तर माझं काय बिघडतंय?” मी म्हणालो, नियमाने लिहिलेले बदलता येत नाही. हे खोटे होते, आणि व्याकरणात मी बोललेले ते दुसरे खोटे. रोज सकाळी मुलगा दारासमोर उभा राहून कुलपांकडे पाही. गिऱ्हाइके येत, विचारीत, परत जात. असा एक महिना गेला. मग एके दिवशी मुलाने आपली पिशवी भरली. मी त्याला विचारले, चुलतभावाशी भांडून असा किती दिवस दूर राहणार? तो म्हणाला, “आम्ही कुठं भांडलोय, अण्णा?” आणि पुण्याच्या गाडीला गेला. पुतण्याही त्याच वर्षी तिकडेच गेला. पाटी मी उतरवून माजघरात भिंतीशी उभी केली, अक्षरे भिंतीकडे करून.

चार-पाच वर्षांनी भाऊ आपल्या मुलाकडे पुण्याला राहायला निघाला. जाण्यापूर्वी त्याने आपल्या पाळ्या देवळाच्या पंचांसमोर सोडून दिल्या. माझा निरोप घेतला नाही. पुन्हा अधिक ज्येष्ठ यायचा होता, त्याच्या आदल्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आले. त्यात त्याची किल्ली होती आणि कागदावर त्याच्या सुबक अक्षरात एक ओळ: “आता बाराही तुझे, तेरावाही तुझा.”

मी मुलाला फोन केला. किल्ली आली आहे, येऊन यंत्र घेऊन जा, असे सांगितले. तो म्हणाला, “राहू दे, अण्णा. तो गेम आता कॉम्प्युटरवर मिळतो. आम्ही रविवारी खेळतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही दोघं. त्याच्या घरी. काका पण बसतात बघायला. त्यांना सगळे लढवय्ये ओळखता येतात आता.”

मला काही विचारायचे होते. मी तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

खोली मी उघडली नाही. दोन्ही कुलपे आहेत तशी आहेत; मी आता दोन्हींना तेल घालतो. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आणि निज ज्येष्ठ, दोन्ही महिने मी पूजा केली, आणि त्यानंतर प्रत्येक महिना. दुसरीकडे कुठे ठेवावी हे न सुचल्याने त्याची किल्लीही मी माझ्याच जानव्याला बांधली आहे. देवीपुढे वाकलो की त्या दोन्ही एकमेकींवर आपटतात, आणि मंत्राचा पुढचा शब्द आठवायला मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.