भाचीनं काढलेलं आमचं घर

आमच्या वस्तीत टेप घेऊन कोणी आलं की आधी शिड्या वर जातात. घाटकोपरच्या डोंगरावर घरं एकाला एक चिकटून आहेत आणि बहुतेक घरांवर एकेक वरची खोली आहे. खालच्या खोलीला कागद आहे, वरच्या खोलीला नाही. वर जायला बाहेरून लोखंडी शिडी. अनोळखी माणूस गल्लीत शिरला आणि त्याच्या हातात टेप किंवा फाईल दिसली, की पहिल्या घरातली बाई एखादं भांडं आपटते. तो आवाज पुढे पुढे जातो आणि शिड्या वर ओढल्या जातात. विचारलं तर सांगायचं, वर नुसतं सामान आहे. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता शिडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं होतं, तेवढंच.

आमच्या वरच्या खोलीत मुलगा आणि सून राहतात. सुनेला दिवस गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. पुनर्वसन योजनेची बोलणी तेव्हा पुन्हा सुरू झाली होती. बिल्डर येणार, घरं तोडून मोठ्या बिल्डिंगी बांधणार, पात्र असतील त्यांना खोली मिळणार. वरचे लोक पात्र नसतात. कोणी तक्रार केली तर वरची खोली योजनेच्याही आधी पाडतात. पलीकडच्या गल्लीत तसं झालं होतं. त्या घरातली माणसं अजून नातेवाइकांकडे विखुरलेली आहेत.

आणि अशा वेळी आमच्याच घरात टेप निघाली.

माझ्या नणंदेची मुलगी लातूरकडून इथे आर्किटेक्चर शिकायला आली होती आणि आमच्याकडे राहत होती. मुलगी गुणी. स्वतःचं ताट स्वतः घासायची, मामाचा डबा भरून द्यायची. एके दिवशी मी भाकऱ्या थापत होते, तर ही दाराची उंची मोजायला लागली.

"काय गं हे?"

"मामी, कॉलेजचं प्रोजेक्ट आहे. आपल्या वस्तीसाठी घरांचं डिझाइन करायचं आणि मधे एक सांस्कृतिक केंद्र."

"कोण बांधणार?"

"कोणी नाही. अभ्यास आहे नुसता."

"कोणी बांधणार नाही तर मोजतेस कशाला?"

ती हसली. मला हसू आलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच, तिचा अभ्यास मला कळणार नव्हता. पण शिंपी मोजतो तेव्हा कापड कापायचं असतं, सुतार मोजतो तेव्हा लाकूड. उगीच मोजणारा माणूस मी पाहिला नव्हता.

ती घरोघर जायला लागली. आमची पोर म्हणून कोणी शिडी ओढली नाही, भांडं वाजलं नाही. ती वर जायची, चहा प्यायची, कोण कुठे झोपतं ते विचारायची. बायका कौतुकानं सांगायच्या. मी नळावर खाली मान घालून उभी राहायची.

शेजारची काकी मालवणची. जिभेला हाड नाही, पण मन साफ. एक दिवस तिनं मला धरलंच.

"माका खरां सांग. तुझी भाची आमची घरां मोजता कित्याक?"

"कॉलेजचं आहे काकी."

"कॉलेजाक आमच्या मोरीचां माप कित्याक होया? आमच्या मोरीत परीक्षा घेतले काय?"

नळावरच्या बायका हसल्या. काकी नाही हसली. "बिल्डरान धाडलेली नसली म्हणजे बरां," एवढं बोलून हंडा उचलून गेली. त्यानंतर दोन-तीन घरांनी भाचीला दारातूनच चहा दिला, आत घेतलं नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही, मला सांगता येत नाही. माझ्या आलं.

मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. फोन आला की ती बाहेर ओट्यावर जायची. मी दाराआड उभी राहायची. एकदा ऐकलं, "हो सर, सगळी गल्ली झाली. वरच्या खोल्यापण."  सर म्हणजे मास्तर, हे ठीक. पण मास्तरांनाही कोणीतरी सर असतोच की.

यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं शिकू दे पोरीला."

"शिकू दे. पण आपल्याच घरावर कशाला?"

"मग काय, राजवाड्यावर शिकेल?"

त्या केंद्राचाही मला विश्वास वाटेना. तिनं पुठ्ठ्याचं मॉडेल घरी आणलं. बिल्डिंगीच्या मधोमध एक मोठी पायऱ्यांची जागा, वरून छप्पर, चारी बाजू मोकळ्या. काकी बघायला आलीच.

"आमचो गणपती खंय बसतलो?"

"इथेच, काकी."

"आणि आपला विहार?" मी विचारलं.

"तो इथे, भिंतीला लागून. पण बाहेरची जागा सगळ्यांची. जयंतीला तुम्ही, चतुर्थीला काकी. मधल्या दिवसांत पोरांचं नाटक, बायकांचं हळदीकुंकू, काहीही."

"दार खंय?"

"दार नाही काकी. मोकळंच."

काकीनं माझ्याकडे बघितलं. आमची दोघींची देवळं वेगळी, पण दार नसलेल्या जागेचा संशय दोघींना सारखाच आला. ज्या जागेला दार नाही ती आपली कधी राहत नाही. आज पायऱ्या आणि उद्या गाड्या लावायला घेतील. काकी जाताना म्हणाली, "बाय, कुलूप तरी काढ गो चित्रात."

मग ते चित्र आलं. मोठा कागद जमिनीवर पसरून ती रंग भरत होती आणि मी झाडू घेऊन उभी होते. आधी कळलं नाही. मग आमचा गॅस दिसला. गॅसच्या मागे खिडकी, खिडकीखाली पिंप. घर सुरीनं उभं कापल्यासारखं होतं, समोरची भिंत काढून टाकलेली. खाली मी आणि हे झोपलेलो, शिडी, आणि वर दोन माणसं. वरच्या बाईचं पोट मोठं काढलं होतं.

"हे काय आहे?"

"सेक्शन म्हणतात. घर कापून आतलं दाखवायचं."

"कोणाला दाखवायचं?"

"प्रदर्शनात लागेल. बाहेरचे परीक्षक येतात."

मी झाडू खाली ठेवला. "वरची खोली पूस."

"मामी, खोटं कसं काढू?"

"नको काढूस खोटं. वरचं काढूच नकोस."

ती शांतपणे बोलली. "वरचे लोक काढलेच नाहीत तर मोजायचे कसे? आणि मोजले नाहीत तर माझ्या बिल्डिंगमध्ये त्यांना घर कुठून देऊ? सगळे हेच करतात मामी. खालचे मोजतात आणि वरचे सोडतात. माझं प्रोजेक्टच हे आहे की वरच्यांनाही घर पाहिजे."

"कागदावरच्या बिल्डिंगमध्ये घर देशील आणि खरं घालवशील."

सून वरून सगळं ऐकत होती. ती खाली आली नाही. मुलानं त्या दिवशी भाचीशी बोलणं टाकलं. जेवताना कोणी मीठ मागितलं तरी आवाज मोठा वाटत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी मी साडी बदलून दारात उभी राहिले.

"तू येणार?" भाची म्हणाली. "तू तर लग्नातसुद्धा मागच्या रांगेत बसतेस."

"बघते तरी कोणाकोणाला दाखवतेस."

बसमध्ये ती कागदाची नळकांडी छातीशी धरून बसली होती. मी खिडकीबाहेर बघत होते. 

कॉलेजच्या मोठ्या खोलीत भिंतीभर चित्रं होती. पोरं-पोरी इस्त्रीचे कपडे घालून आपापल्या चित्रापाशी उभी. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तिथून आमचं घर स्पष्ट दिसत होतं. एवढ्या लांबून माझं पिंप ओळखू येत होतं आणि मला पदर ओढून घ्यावासा वाटत होता.

परीक्षकांत एक पांढऱ्या शर्टातला माणूस होता. मागच्या दोन पोरी कुजबुजत होत्या, हा मोठ्या बिल्डरकडे प्लॅन करतो, ओळख झाली तर नोकरी मिळते.  तो एकेक चित्र बघत आमच्यापाशी आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. इतर चित्रांपाशी तो एवढा थांबला नव्हता.

"झकास आहे. ही साईट कुठली?"

मी भाचीकडे बघत होते. तिचे मास्तर बाजूलाच उभे होते. ते कौतुकानं सांगायला लागले, "खूप मेहनत घेतलीय तिनं, स्वतः राहून..."

"नाही सर," ती मधेच बोलली. "काल्पनिक आहे."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

"काल्पनिक?" तो माणूस हसला. "पिंपाची तोटीसुद्धा काल्पनिक?"

"हो सर. बऱ्याच वस्त्या बघून मनानं काढलंय. अशी जागा नाही."

"मग सर्व्हेचे मार्क कसे द्यायचे तुला?"

 तिनं मान खाली घातली, पण जागेवरून हलली नाही. मास्तर तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. त्या माणसानं हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं.

मला वाटलं, संपलं. पण त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि चित्रासमोर धरला.

मी कधी उठले मला आठवत नाही. मी जाऊन चित्राला पाठ लावून उभी राहिले. वरची खोली माझ्या डोक्याच्या वर उरत होती, म्हणून टाचा उंच केल्या.

"मावशी, जरा बाजूला होता?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"मावशी?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती.  मी समोरच्या भिंतीवरच्या कुठल्यातरी वाचनालयाच्या चित्राकडे नजर लावून उभी राहिले.

"कोण आहेत या?" त्यानं विचारलं.

"माझी मामी," भाची म्हणाली. "त्यांना कमी ऐकू येतं."

तो हसत पुढच्या चित्राकडे गेला. मोबाईल अजून हातातच होता. मी आड येण्याआधी त्यानं फोटो काढला होता की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

थोड्या वेळानं भाची जवळ आली. डोळे लाल होते. "बस आता स्टुलावर. पाय दुखतील."

"गेला?"

"पलीकडच्या खोलीत गेला."

"परत आला तर?"

 मग माझ्या शेजारी येऊन तिनंही चित्राला पाठ लावली. ती माझ्यापेक्षा उंच आहे. वरची खोली तिच्यामागे पूर्ण झाकली.