धुतलेली हरभऱ्याची भाजी

हैदराबादेत दोन वर्षं काढून मी गावी परतलो तेव्हा मला उर्दू कागद वाचता येत होते, डोक्याला मलमलचा फेटा होता आणि घरच्यांकडे बघताना नाक आपोआप मुरडत होतं. यातली एकच गोष्ट पुढे घराच्या कामी आली, आणि ती उर्दू नव्हे.

वडील तापातून उठले होते, पण तोंडाची चव गेली होती. आठ दिवस पेजेपलीकडे काही नाही. अंगावर नुसती हाडं राहिली. शेवटी म्हणाले, "हरभऱ्याची भाजी करा. आंबट. खाईन तर तीच."

पौष लागला होता. रान फुलावर आलेलं, पाला निबर. थोरल्या चुलतीनं बांधाकडचा उशिरा पेरलेला तुकडा हुडकला आणि कोवळे शेंडे खुडून ओटीभर आणले. तिच्या त्या मातकट हातांची मला किळस आली. ती लसूण सोलत होती तेवढ्यात मी टोपली आडावर नेली आणि भाजी तीन पाण्यांनी खळखळून धुतली.

ही भाजी कुणी धूत नाही. पाल्यावर जी आंब असते तोच तिचा आंबटपणा, पाणी लागलं की गेला. हे आमच्या शेळीलाही ठाऊक असावं. हैदराबादेत शिकवत नव्हते.

वडिलांनी एक घास घेतला आणि ताट सारलं. "गवत हाय हे. न्हाई जात."

चुलती माझ्याकडे वळली. "काय केलंस रं?"

"धुतली. माती होती."

"मातीनं मेलंय का कोणी? आता आंब कुठून आणू?" तिची नजर माझ्या डोक्यावर गेली. "सोड तो फेटा."

"फेटा कावून?"

"आत काही न्हाई, तर वरून झाकतोस कशाला?"

पहाटे तिनं मला रानात उभं केलं. निबर पाला खाता येत नाही, पण आंब त्यावरही असते. दवानं भिजलेल्या हरभऱ्यावर मी फेटा अंथरायचा, ओढायचा, वाटीत पिळायचा, पुन्हा अंथरायचा. शेजारच्या रानातले धनगर मेंढरं सोडून मलाच बघत राहिले. वाटी भरेपर्यंत बोटं चरचरायला लागली आणि मलमल हिरवट, चिकट झाली.

टोपलीत उरलेला धुतलेला पाला शिजवून चुलतीनं त्यात ती आंब ओतली, वर लसणाची फोडणी. वडिलांनी आधी बोट बुडवून चाटलं. मग घास घेतला. अर्धी भाकरी संपली.

मग त्यांनी ताट पुढं केलं.

"वाढा अजून," ते म्हणाले, "फेटा चांगला शिजलाय."