दोन घरं, एक बोअर आणि माझी डिग्री

मी आंतरराष्ट्रीय कायदा आणि जागतिकीकरण या विषयात पदवी घेत होते, तेव्हा आमच्या टाकीत पाणी नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं सुरुवातीला कुणालाच वाटलं नाही.

मी नेमकं काय शिकते, हे पाहुण्यांना सांगताना आई अडखळायची. सिल्लोडच्या मामांनी एकदा थेटच विचारलं, "मंजू, वकील व्हणार का? मंग आमच्या बांधाचं तेवढं बघ."

"मामा, बांधाचं नाही. दोन देशांमधलं भांडण असतं ते."

"आसं व्हय! मंग आधी बांधाचं मिटव, देशं काय पळून चालले का?"

बाबा वाळूजला एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचे. ते भाग जहाजात बसून परदेशी जायचे. म्हणजे जागतिकीकरण बाबा रोज शिफ्टमध्ये करत होते आणि मी ते पंख्याखाली बसून पाठ करत होते. (पंखाही वीज असेल तेव्हाच.)

तो सलग दुष्काळाचा काळ होता. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसायचं. आमच्या पुंडलिकनगरात नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर मारत होता. आमचं बोअर जुनं होतं आणि दोघांत एक होतं. आम्ही आणि शेजारचे कुलकर्णी, दोघांनी घरं बांधताना मिळून घेतलेलं. बोअर त्यांच्या अंगणात, मोटर आमची, स्टार्टरची पेटी मधल्या भिंतीवर आमच्या बाजूला. काकूंची टाकी संपली की त्या लाटण्यानं भिंतीवर दोनदा ठोकायच्या आणि आई मोटर चालू करायची. आमची संपली की आई ठोकायची आणि काकू त्यांच्या अंगणातला व्हॉल्व्ह आमच्याकडे फिरवायच्या. इतकी वर्षं सगळा कारभार या दोन लाटण्यांवर चालला होता.

आणि मग कॉलेजात आम्हाला आंतरराष्ट्रीय नद्यांचं पाणीवाटप शिकवायला घेतलं.

घरी येऊन मी भिंतीकडे पाहिलं आणि अक्षरशः हादरले. दोन स्वतंत्र घरं, एकच पाणी आणि लेखी करार नाही!

"आई, त्या पाण्यात आपला हक्क किती?"

"हक्क कशाचा? काकू ठोकत्यात, मी बटन दाबते."

"उद्या नाही ठोकलं तर?"

"मंग त्यांची टाकी भरलेली आसंल."

असल्या बेफिकिरीतूनच युद्धं होतात, असं माझं मत झालं. संध्याकाळी दोन्ही कुटुंबांना मी आमच्या गच्चीवर चहाला बोलावलं आणि न्याय्य वाटप म्हणजे काय ते समजावून सांगितलं. लोकसंख्या हा त्यातला एक निकष, एवढंच मी बोलले.

"म्हणजे आमच्यात माणसं कमी, म्हणून आम्ही पाणी कमी प्यायचं?" काकूंनी कप खाली ठेवला.

"तसं नाही काकू, दुसरा निकष आहे उगमाचा."

"मग उगम आमच्या अंगणात आहे," कुलकर्णी काका पहिल्यांदाच बोलले. ते एरवी बोलत नसत.

"अन् मोटर कुनाची?" बाबा म्हणाले. "आमची मोटर नसंल तर तुमचा उगम घेऊन काय चाटायचंय?"

चहा संपायच्या आत दोन्ही घरांना आपापल्या हक्कांची जाणीव झाली होती. माझ्या शिक्षणाचा एवढा झपाट्यानं परिणाम मी वर्गातसुद्धा पाहिला नव्हता!

शेवटी मी करार केला. पाळीपाळीनं पाणी. स्टार्टरच्या पेटीला कुलूप. किल्ली तटस्थ पक्षाकडे, म्हणजे समोरच्या सोनवणे काकांकडे. हे बँकेतून निवृत्त झालेले, दोन्ही घरांशी सारखंच फटकून वागणारे, त्यामुळे निवडीवर कुणाचा आक्षेप आला नाही. किल्ली त्यांनी दुसऱ्या कुणाच्याही हातात द्यायची नाही आणि जो कुलूप तोडेल त्याचं पुढच्या आठवड्याचं पाणी बंद, ही कलमं मी खास अभिमानानं घातली होती. सगळ्यांनी सह्या केल्या. त्या दिवसापासून लाटण्यांचा आवाज थांबला आणि आई नि काकूंचं बोलणंही थांबलं. मी त्याला शांतता समजले.

त्याच सुमारास माझ्या ताईला बघायला जालन्याची मंडळी येणार असं ठरलं. स्थळ उत्तम होतं. मुलगा ताईला आधीच एका लग्नात दिसला होता आणि आवडलाही होता. ताई हे मान्य करत नव्हती, पण आठवडाभर एकाच साडीला इस्त्री करत होती.

ते येणार त्या सकाळी पाणी घ्यायची पाळी आमची. टाकीत तळाला तेवढं गढूळ पाणी उरलेलं. मी किल्ली आणायला समोर गेले. सोनवणे काकांच्या दाराला कुलूप!

बाबांनी फोन लावला. "अहो सोनवणे, कुठं हाय तुम्ही?"

"सिल्लोडला. सासुरवाडीला आलोय. किल्ली सोबत आहे, काळजी नको."

"सोबत? मागं कुनाकडं तरी ठिवायची ना!"

"कशी ठेवणार? कलम वाचा. किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे पक्षपात. तुमच्या मंजूनंच लिहिलंय."

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. कंपनीत ते खराब भाग बाजूला काढायचे, तेव्हा असंच पाहत असावेत.

टँकरवाला म्हणाला, संध्याकाळी बघतो. कुलूप तोडायला बाबा उठले, तर मीच आडवी आले. "बाबा, आठवडाभर पाणी बंद होईल!" आई भिंतीपर्यंत गेली, लाटणं उचललं आणि परत आली. "मी न्हाई आधी ठोकणार. आपण त्यांची माणसं मोजली, मान्य. पन त्यांनी बी उगम काढलाच ना!" एवढ्यात दारात गाडी थांबली.

पाहुणे बसले. पिण्यापुरतं पाणी माठात होतं, ते निभावलं. पण जालन्याहून उन्हातून आलेल्या माणसांना नुसतं पिऊन कसं भागेल? मुलाचे वडील उठले आणि म्हणाले, "जरा हातपाय धुतो." ते न्हाणीत गेले. नळानं आधी खोकून घेतलं, मग एक लांब सुस्कारा सोडला आणि गप्प झाला. आतून नम्र आवाज आला, "पाणी... येतंय का हो?"

"येतंय, येतंय!" बाबा ओरडले. कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात ताई इस्त्रीच्या साडीत उभी होती आणि डोळे भरून आलेले. "तुझ्या त्या डिग्रीपायी माझं लग्न मोडणार, मंजू!"

त्या क्षणी मला खरोखर रडू आलं. तरी तोंडातून निघालं काय, तर, "ताई, आणीबाणीत करार तात्पुरता स्थगित करता येतो, पण दोन्ही पक्षांची..."

ठक. ठक.

भिंतीवर दोन ठोके! आई धावली. मी मागे. भिंतीवरून आधी भरलेली कळशी वर आली, मग काकूंचं डोकं.

"पोरीला बघायला आलेत आणि मला सांगत नाहीस?"

"बोलणं बंद होतं ना आपलं."

"बोलणं बंद होतं, कान कुठं बंद होते? न्हाणीतला माणूस कधीचा ओरडतोय! धर ही, दुसरी आणते."

आईनं कळशी धरली आणि आत पळवली. काकूंच्या पिंपातल्या कळश्या एकामागून एक भिंत ओलांडू लागल्या. मला राहवलं नाही. "काकू, पण तुमच्या साठ्यातलं पाणी असं..."

काकू दिसेनाशा झाल्या. पुढच्या मिनिटाला त्या आमच्या फाटकातून आत आल्या, पदर खोचलेला, हातात वरवंटा. दोन घावांत कुलूप खाली. "कर बंद माझं आठवड्याचं पाणी!" असं मला सुनावून त्यांनी बटण दाबलं. पलीकडे कुलकर्णी काकांनी व्हॉल्व्ह आमच्याकडे फिरवला.

आवाजानं पाहुणे अंगणात आले होते. मुलाचे वडील कळशीच्या पाण्यानं पाय धुऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेलीच ठेवून उभे होते; सगळं पाहून ते बाबांना म्हणाले, "या दिवसांत स्वतःच्या पिंपातलं पाणी कोण देतं हो? असा शेजार ज्यांचा, त्या घरची पोरगी आम्हाला पसंत आहे."

ताई दारामागे हसली. मुलगा टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकल्यासारखं करत दाराकडे बघत होता.

मग मुलाचे वडील कौतुकानं माझ्याकडे वळले. "आणि ही धाकटी? ही काय शिकते?"

मी ओढणी सावरून विषयाचं पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई आणि काकू एकाच सुरात म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते!"

दोन्ही पक्षांत माझ्यामुळे संपूर्ण एकमत झालं, ते तेवढंच.