फटफटीला मुशीचं तेल

फटफटी आमच्या अंगणात आली तेव्हा मी तीस वर्षांची होते, दोन पोरांची आई होते आणि सायकलवरसुद्धा कधी बसले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही बाई पहिल्यापासूनच तसली असणार. तसली बिसली काही नव्हते. उत्तनची कोळीण. रविवारी चर्चमध्ये मिसेला जायचं आणि बाकीचे सहा दिवस डोक्यावर पाटी.

लढाई नुकतीच संपली होती. माझा नवरा लढाईत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या कामावर होता, आणि लष्कराने जुना माल विकायला काढला तेव्हा त्याने ही उचलून आणली. खाकी रंगाची, पुढचा दिवा फुटलेला, आणि आवाज असा की शेजारणीची खुडूक कोंबडी अंडी सोडून पळाली ती संध्याकाळीच परत आली. सासूने नाकाला पदर लावून गाडी एकदा पुढून बघितली, एकदा मागून बघितली.

"ह्या भुताला माजं मासलीचं जालं लागता कामा न्हाय," ती म्हणाली. "लांब उभं करा त्याला."

अंगण तिचं, घर तिचं, होडी तिची. सासरा लवकर गेलेला, तेव्हापासून तिने एकटीने सगळं चालवलेलं. तिने लांब म्हटलं की लांब. गाडी फणसाखाली गेली.

आता मला त्या गाडीचं वेड कसं लागलं ते सांगते. उत्तनहून भाईंदर स्टेशनपर्यंत आम्ही बायका सुकी मासळी घेऊन पायी जायचो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. चालायचं तर मान ताठ. मान वळवली की पाटी गेलीच समजा. तर एकदा नवऱ्याने मला मागे बसवून त्याच रस्त्याने स्टेशनपर्यंत नेलं. पाटी नव्हती. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावर डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं. मिठागरं होती, मिठाचे ढीग होते, बगळे होते. इतकी वर्षं माझ्या कानाशीच होती ती सगळी, आणि मला फक्त पुढचा रस्ता माहीत! परत येताना मी नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसून म्हटलं, "मला शिकव."

तो हसला. पण नाही म्हणाला नाही, हा त्याचा गुण.

शिकायला गेलो किनाऱ्यावर, वलांड्यांच्या मधल्या वाटेत. वलांड्या म्हणजे बोंबील वाळत घालायला बांबू रोवून केलेल्या दांड्या. बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून त्याच्यावर लटकतात. नवऱ्याने क्लच दाखवला, गिअर दाखवला, ब्रेक दाखवला, आणि हँडलचं काही सांगितलंच नाही. त्याला वाटलं, त्यात काय सांगायचं? पण मी लहानपणी बापाची छोटी होडी खाडीत चालवलेली. होडीचं सुकाणू मागे असतं. डावीकडे जायचं तर त्याचा दांडा उजवीकडे ढकलायचा. हे माझ्या हातात इतकं मुरलेलं की समोर वलांडी आली तशी मी डावीकडे वळायला म्हणून हँडल सरळ उजवीकडे लोटलं. आणि उजवीकडेच गेले. दुसरीकडे कुठे जाणार?

दोन वलांड्या आडव्या झाल्या. मी खाली, गाडी बाजूला, वर बोंबील. शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी होती, तिने आख्ख्या पाड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गो, आज सून पण वाळत घातली काय?"

त्या वलांड्या सासूच्या होत्या. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दिवसभर एकेक बोंबील वेचून, झटकून, परत लावत राहिली. मी मदतीला गेले तर माझ्या हातातून काढून घेतला.

तरी मी शिकत राहिले, वलांड्यांपासून लांब, ओहोटी असेल तेव्हा ओल्या वाळूवर. हँडल म्हणजे सुकाणू नाही, हे डोक्याला कळायला एक दिवस लागला आणि हातांना तीन आठवडे.

नवऱ्याचे लढाईतले दोस्त अशाच गाड्या घेऊन कधीमधी रविवारी यायचे. कोणी वसईचा, कोणी वांद्र्याचा. वाळूवरून निघायचं, ताडांच्या मधून चढ चढायचा, कापणी झालेल्या शेतांच्या बांधांवरून उड्या मारत परत वाळूवर यायचं. असे तीन फेरे. आता ह्याला म्हणे मोठमोठी नावं आहेत आणि बक्षिसं असतात. आमच्याकडे पहिल्या आलेल्याला ताडीचा पहिला पेला मिळायचा, संपलं.

थंडीतल्या एका रविवारी शर्यत ठरली आणि मी म्हटलं, मी पण धावणार. जेवताना म्हटलं, सासूच्या समोर, कारण मागून म्हटलं असतं तर ते जास्त लागलं असतं तिला.

सासूने घास गिळला. "जा," ती म्हणाली. "पन पडलीस तर सोमवारी ते भूत अंगनातनं भायेर. विकून टाकायचं. न्हाय पडलीस तर फिरव कुटं फिरवायची ती. मी तोंड उघडनार न्हाय."

"आये, तिला शिकून दोन महिने तरी झाले का?" नवरा कळवळून म्हणाला.

"मग शिकली न्हाय असं म्हन, आनि भात वाढ मना."

झालं. माझी जेवणावरची वासना गेली. शर्यत जिंकण्याचा प्रश्नच नव्हता हो. पडायचं नाही, एवढंच. पडले तर पुन्हा मान ताठ, पुन्हा फक्त पुढचा रस्ता.

रविवारी मिस संपवून सगळा गाव किनाऱ्यावर. आम्ही सहाजण रांगेत. माझ्या शेजारी वांद्र्याचा एक, डोळ्यांवर मोठा चष्मा, पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्याने माझ्या लुगड्याकडे बघितलं. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट आवळलेलं असतं, फटफटीला त्याहून सोयीचं काही नाही, पण त्याला काय माहीत? म्हणाला, "बाई, साइडला राहा हां. हम लोक जोरात येणार."

"या की," मी म्हटलं. "वाळूला विचारून या."

गाड्या सुरू झाल्या आणि इंजिनं तापली तसा एक वास उठला. चष्मेवाल्याने नाक धरलं. मी मात्र तो वास लगेच ओळखला. मुशीचं तेल! मुशी माशाच्या काळजातून काढतात ते, होडीच्या लाकडाला चोपडायचं. माझ्या गाडीच्या साखळीला कोणीतरी ते तेल चोपडून ठेवलं होतं, भरपूर. मी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे त्याला वाटत होतं मीच हा शहाणपणा केला. विचारायला वेळ कुठला? रुमाल खाली पडला आणि सगळे सुटले.

पहिला फेरा मी एकटीच होते, कारण बाकीचे पाच केव्हाच पुढे गेले होते. दुसऱ्या फेऱ्यात मी पुन्हा वाळूवर उतरले तर चष्मेवाला मध्येच उभा. शिंपल्यांची बारीक भोकं दिसतात तिथली वाळू भुसभुशीत असते, हे आमचं शेंबडं पोर सांगेल. तो बरोबर तिथेच घुसला होता आणि चाक अर्धं आत. मी बाजूच्या लाटा लाटा उमटलेल्या घट्ट वाळूवरून गेले. "साइडने चाललेय हां!" ओरडले मी. एवढी गंमत करून घेतली.

तिसऱ्या फेऱ्यात कुत्रे आले.

साखळी तापून तेल उडत होतं, माझं लुगडं मागून पार माखलं होतं, आणि मासळीवर वाढलेले आमचे कुत्रे ते किती वेळ सोसणार? आधी एक आला, मग चार, मग मोजलेच नाहीत. भुंकत नव्हते, हेच वाईट. जिभा बाहेर काढून मुकाट्याने धावत होते. बांधावर गाडी कलली, दर वेळी तिथे मी पाय टेकायचे, पण त्या दिवशी पाय खाली सोडते तर पाय परत आला असता का? पाय वर धरूनच बांध उडी मारून पार केला. कसा, ते मला आजही सांगता यायचं नाही. गाव ओरडत होता, नवरा ओरडत होता, मी पण ओरडत होते.

वाळूवर शेवटाला एक वल्हं आडवं ठेवलं होतं. माझं पुढचं चाक त्यावरून गेलं, मागचं त्यावर चढलं आणि घसरलं, आणि मी धाडकन पडले. कुत्रे लुगडं चाटायला लागले.

मग शेजारीण म्हणाली, "पडली!"

"वल्हं ओलांडून पडली!" नवरा म्हणाला.

"मागचं चाक अलीकडं होतं!" हा चष्मेवाला, ढकलत ढकलत गाडी आणत.

मी वाळूत बसून सासूकडे बघत होते. ती गर्दीतून पुढे आली, कुत्र्यांना हाड हाड केलं, वल्ह्याकडे बघितलं, चाकाच्या खुणांकडे बघितलं.

"नाळ वाळूला लागली की होडी आली," ती म्हणाली. नाळ म्हणजे होडीचं नाक. "मंग उतरताना कोन पाय घसरून पडला, त्याचं आमी कवा धरलंय काय?"

नवऱ्याने वल्हं उचलून खांद्यावर टाकलं.

मी उठले, लुगडं झटकलं, आणि मला राहवेना. "आये, साखळीला तेल कोणी लावलं?"

ती दुसरीकडे बघायला लागली. "काल तुमी दोगं बावडीवर गेलेलाव तवा. नवी होडी तेलाबिगर कोन पान्यात घालतो?"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. मी कुत्र्यांना हाकलत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि मग तिने माझी आणखी चेष्टा केली असती.

साखळी पुढे तीन दिवस रॉकेलने धुतली तरी कुत्रे फणसाखाली बसून होते. पण शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, मी दार उघडलं तर गाडी जागच्या जागी, आणि तिच्या हँडलपासून मागच्या सीटपर्यंत सासूचं जाळं वाळत घातलेलं. मला फिरायला जायचं होतं. तरी ते वाळेपर्यंत मी पायरीवर बसून राहिले.